अर्धा रोगी आणि दुसरा मुद्दा

हॅमिल्टन, १२ जानेवारी

प्रिय लॉर्न,

अकरा वर्षांनी तुला पत्र लिहितेय आणि तेही कामाचं. माझं नशीबच असं. या प्रकल्पाच्या प्रमुख रस्कोबाईंनी दोन संख्याशास्त्रज्ञ नेमले, एक मी, आणि दुसरा कोण म्हणून यादीत बघते तर विनिपेगचा लॉर्न इसफेल्ड. मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. तू अजून कॉफीत चार चमचे साखर घालतोस का, ते नंतर सांग. आधी काम.

आखडलेल्या खांद्यावरच्या सात चाचण्या. निम्म्या लोकांना इंजेक्शन आणि व्यायाम, निम्म्यांना नुसता व्यायाम. आजवर प्रत्येक चमूने आपापली सरासरी छापली आणि हात झटकले. आता सातही जणांनी एकेका रोग्याची माहिती द्यायचं कबूल केलंय: वय, खांदा कुठला, काय दिलं, वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं का. एकोणीसशे चौदा माणसं. सगळं कुलुपात आहे, कुलूप उघडणार १ मेला, आणि त्याआधी आपण दोघांनी ठरवायचंय की हे सगळे आकडे एकत्र करायचे कसे. आकडे बघून पद्धत ठरवणं म्हणजे पेपर फुटल्यावर अभ्यासाला बसणं, हे तुला मी सांगायला नको.

मागच्या प्रकल्पात म्हणे दोन शहाण्यांनी फोनवर पद्धत ठरवली, पण आकडे आधीच चोरून बघितले होते. ते उघडकीला आलं आणि बाईंची शोभा झाली. तेव्हापासून त्यांनी फोन बंद, मेल बंद. कागदावर लिहा, टपालात टाका, पाकिटावरचा शिक्का हाच पुरावा. म्हणून हा थाट.

माझं मत: सगळे रोगी एकाच गणिती मॉडेलमध्ये, एका दमात. मात्र सगळे घोडे बारा टक्के असं मी करणार नाही. कुठल्या चाचणीत लोक आधीपासूनच जास्त दुखणाईत होते, कुठल्यात कमी, हे धरून प्रत्येक चाचणीची सुरुवातीची पातळी वेगळी ठेवायची. पण हिशोब एकच. तुझं काय ते कळव, आणि वाद घाल. तू वाद घातला नाहीस तर मला चैन पडायचं नाही.

तुझी,
ग्वेन

विनिपेग, २२ जानेवारी

प्रिय ग्वेन,

साखर आता तीन चमचे. डॉक्टर म्हणाले दोन, मी म्हटलं मधलं काहीतरी ठरवू.

इथे उणे चौतीस आहे. काल गाडीचं दार उघडेना म्हणून मागच्या दाराने शिरलो आणि मधेच अडकलो. शेजारच्या कोवालचुकबाईंनी पाय धरून ओढलं, वर बटाट्याच्या पेरोगीचं गरम ताट दिलं. म्हणाल्या, घरात बाईमाणूस असतं तर ही वेळ आली नसती. बाईमाणसाने माझे पाय अधिक चांगले ओढले असते की काय, ते मी विचारलं नाही.

मुद्दा पहिला. मी दोन टप्प्यांचा माणूस आहे. आधी प्रत्येक चाचणीचं तिच्या घरात जाऊन ऐकायचं, तिचं उत्तर काढायचं, मग सात उत्तरं शेजारी मांडून, मोठ्या चाचणीला जास्त वजन, छोटीला कमी, असं एकत्र करायचं. सरळ, स्वच्छ. कुठली चाचणी वेडंवाकडं बोलतेय ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या एका दमात सगळं शिजतं खरं, पण कुकरचं झाकण लागल्यावर आत काय चाललंय ते कोणाला कळतं?

मुद्दा दुसरा. ग्वेन, तू माझ्याशी लग्न करशील का? मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, घर स्वतःचं आहे, दात बरेचसे. तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि मला स्वयंपाकघरात बसून घ्यावं लागलं. घाई नाही. १ मेच्या आत कळव.

तुझा,
लॉर्न

हॅमिल्टन, २ फेब्रुवारी

लॉर्न,

डोक्यावर पडलायस का तू? नियमांचं पान चौथं वाचलंस? ही पत्रं खाजगी नाहीत. माझी पत्रं मी ऑफिसमार्फत पाठवते, तुझी ऑफिसातच येतात. ओडेलबाई पाकीट फोडतात, प्रत्येक पानावर शिक्का मारतात, क्रमांक घालतात, आणि प्रत सातही चमूंना जाते. हेतू हा की पद्धत कशी ठरली ते जगाला बघता यावं. पान काढायला सक्त मनाई. अहवाल छापला जाईल तेव्हा तुझे दात आणि कोवालचुकबाईंनी ओढलेले पाय परिशिष्टात असतील. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी सोमवारी ऑफिसात शिरले तर ओडेलबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसत होत्या. बत्तीस वर्षं नोकरी झाली, म्हणाल्या, एवढं छान कागदपत्र हाताखालून गेलं नव्हतं.

आता तुझ्या स्वच्छ पद्धतीविषयी. उत्तरेकडच्या त्या छोट्या गावातली अडतीस रोग्यांची चाचणी आठव. त्यांनी छापलेला तक्ता सगळ्यांना माहीत आहे. इंजेक्शनवाले एकोणीस, ऑपरेशन शून्य. व्यायामवाले एकोणीस, ऑपरेशन दोन. शून्य आलं की तुझ्या पहिल्या टप्प्याचं घोडं पेंड खातं, गुणोत्तर निघतच नाही. मग तू काय करणार? सगळे करतात तेच. प्रत्येक चौकटीत अर्धा अर्धा रोगी घालणार. अर्धा रोगी, लॉर्न. त्याचा कुठला अर्धा आखडलाय? माझ्या पद्धतीत अख्ख्या माणसांवर भागतं.

आणि दुसऱ्या मुद्द्याचं म्हणशील तर तुझी दोन टप्प्यांची सवय मला चांगली ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी निरोप घेताना स्टेशनवर तू हेच म्हणाला होतास. आधी आपापल्या जागी स्थिर होऊ, मग एकत्र यायचं बघू. मी पहिला टप्पा पुरा केला. दुसरा आलाच नाही, माझे केस मात्र पांढरे झाले. मला राग आहे अजून, आणि तो सात चमूंना कळला तरी बेहत्तर.

उत्तर देत नाही.

ग्वेन

हॅमिल्टन, ६ फेब्रुवारी

श्री. इसफेल्ड आणि श्रीमती टार्बेट यांस,

कागद क्रमांक २ मधला दुसरा मुद्दा प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा आहे. तरीही तो फाइलला लागला आहे आणि काढता येणार नाही. कलम चारप्रमाणे फाइलमधला कुठलाही मुद्दा अनुत्तरित असताना डेटाचं कुलूप उघडता येत नाही. म्हणजे १ मेपर्यंत दोन्ही मुद्द्यांचा निकाल लागला पाहिजे, नाहीतर एकोणीसशे चौदा रोगी तुमच्यापायी खोळंबतील.

कलम मीच लिहिलं आहे. त्याचा आज मला पश्चात्ताप होतो आहे.

आपली,
बेटिना रस्को

विनिपेग, १५ फेब्रुवारी

प्रिय ग्वेन (आणि सातही चमू, नमस्कार),

पान चौथं वाचलं. तोंड लपवायला जागा उरलेली नाही. एवढ्या थंडीत मात्र तोंड तसंही झाकलेलंच असतं.

स्टेशनवर मी ते म्हणालो हे खरं. माझी विद्यापीठातली तात्पुरती नोकरी तेव्हा नुकतीच संपली होती, वडिलांच्या घराच्या तळघरात राहत होतो. मला वाटलं, आधी माणसात येतो आणि मग विचारतो. तू मान हलवलीस. मी समजलो, ठरलं. आणि तू समजलीस, मी टाळतोय. दोन वर्षांनी कळलं की तू तिकडे कोणाशी लग्न केलंस. पुढे ते मोडल्याचं कळलं तेव्हा विचारायला मला तोंड नव्हतं. आपण दोघं विद्यापीठात शिकवत होतो की गृहीतक कागदावर मांडल्याशिवाय काही करू नये. आपलं आपण मांडलंच नाही. माझं चुकलं, ग्वेन. हे परिशिष्टात जाऊ दे.

आता अर्ध्या रोग्याबद्दल. टोमणा लागला. पण तुझ्याही भांड्याला छिद्र आहे. उद्या प्रत्येक जण विचारणार की म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनचा गुण कमी येतो का. त्यावरून दवाखाने ठरवतील की पंचाहत्तरीच्या आजीला सुई द्यायची की परत पाठवायचं. सातातल्या एका चाचणीत सगळे वृद्धाश्रमातले लोक आहेत, आणि त्यांना डोस निम्मा दिलाय. तुझ्या एका दमात वयाचा आणि डोसचा काला होईल. चूक डोसची, आणि बोल वयाला.

मी कॉम्प्युटरवर खोटे रोगी तयार करायला बसतोय. खरे बघायला बंदी आहे, खोट्यांना कोण अडवतं. दोन्ही पद्धती त्यांच्यावर चालवून तुला तोंडघशी पाडतो.

तुझा,
लॉर्न

विनिपेग, १४ मार्च

प्रिय ग्वेन,

मी हरलो.

दहा हजार वेळा सात-सात खोट्या चाचण्या बनवल्या. इंजेक्शनने ऑपरेशनं निम्मी होतात, हे सत्य मीच आत पेरलं होतं. ऑपरेशनं विरळ केली की छोट्या चाचण्यांत शून्य येतं, मग अर्धे रोगी घालावे लागतात, आणि माझी दोन टप्प्यांची पद्धत मीच पेरलेलं सत्य ओळखत नाही. गुण कमीच दाखवते. तुझी पद्धत दरवेळी जवळ पोचते. परवा तर अर्धे रोगी माझ्या स्वप्नात आले, एकेक बाही रिकामी. मी उठून त्यांची माफी मागितली.

तेव्हा एका दमात. मी आता तुझ्या पक्षात आहे, आणि तुझ्याविरुद्ध कोणी बोललं तर त्याची खैर नाही.

दुसऱ्या मुद्द्याची आठवण करून देत नाही. (करून दिली.)

लॉर्न

हॅमिल्टन, १४ मार्च

प्रिय लॉर्न,

हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय, म्हणून पटकन लिहून टाकते. तू बरोबर होतास.

मीही खोटे रोगी बनवले. वयाने काहीच फरक पडत नाही, असं सत्य पेरलं. निम्म्या डोसाची वृद्धांची चाचणी घातली, सगळं एका मॉडेलमध्ये टाकलं, वय जसंच्या तसं ठेवलं. उत्तर काय यावं? म्हणे म्हाताऱ्यांना गुण येत नाही. छातीठोकपणे आलं. मी तीनदा चालवलं, तीनदा तेच. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिचा डावा खांदा गेल्या थँक्सगिव्हिंगपासून वर जात नाही. मी बनवलेल्या खोट्या आकड्यांनी मी माझ्या खऱ्या आईची सुई नाकारली. मी कॉम्प्युटर बंद केला आणि दोन बटर टार्ट उभ्याउभ्या खाल्ले.

तुझ्या दोन टप्प्यांत हे घडतच नाही. त्या-त्या चाचणीतला तरुण त्याच चाचणीतल्या म्हाताऱ्याशी ताडून बघायचा, डोस दोघांना सारखाच. तेव्हा तुझीच पद्धत. आता मागे फिरणार नाही, आणि तूही फिरू नकोस.

स्टेशनबद्दलचं वाचलं. मी मान हलवली होती ती रडू दाबायला. एवढंच.

ग्वेन

हॅमिल्टन, २४ मार्च

श्री. इसफेल्ड आणि श्रीमती टार्बेट यांस,

एकाच तारखेची आपली दोन पत्रं एकाच सकाळी माझ्या टेबलावर आली. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध होतात. आज दोघंही शरण गेला आहात आणि तरी एकमेकांच्या विरुद्धच आहात. चाळीस वर्षांत मी पुष्कळ संख्याशास्त्रज्ञ पाहिले, पण अदलाबदल करून भांडणारे हे पहिलेच.

कृपया दोघांनी मिळून एकाच दिशेला तोंड करावं.

दुसऱ्या मुद्द्यावर सातपैकी पाच चमूंनी आपलं मत न विचारता कळवलं आहे. ते मी फाइलला लावलेलं नाही. एका चमूने श्री. इसफेल्ड यांचा फोटो मागवला आहे, तो द्यायला हरकत नसावी.

आपली,
बेटिना रस्को

विनिपेग, २ एप्रिल

प्रिय ग्वेन,

तुझं पत्र वाचून हसलो, मग हसणं थांबेना. कोवालचुकबाई बघायला आल्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही दोघं शहाणे आणि बाकी जग वेडं असंच ना? मी म्हटलं, साधारण तसंच.

मग नीट विचार केला. टप्पे एक की दोन, हे आपलं भांडण नव्हतंच. कोणाला कोणात मिसळू द्यायचं नाही, हे होतं. तेव्हा असं बघ. मॉडेल एकच, तुझं, म्हणजे अर्धे रोगी सुटले. प्रत्येक चाचणीची सुरुवातीची पातळी वेगळी, ते तू पहिल्यापासून म्हणत होतीस. वय मात्र जसंच्या तसं घालायचं नाही. त्या चाचणीच्या सरासरी वयापेक्षा हा माणूस किती मोठा, किती लहान, एवढंच घालायचं. मग वृद्धाश्रमातला नव्वदीचा तिथल्याच ऐंशीच्या शेजारी उभा राहतो, आणि डोसचं पाप वयाच्या माथी येत नाही. इंजेक्शनचा गुण चाचणीगणिक थोडा कमीजास्त असू शकतो, ती मोकळीक ठेवायची. शेवटी माझे दोन टप्पे नुसते पडताळ्याला.

खोट्या रोग्यांवर चालवून बघितलं. तू पेरलेलं सत्य मिळालं, मी पेरलेलंही मिळालं. तुझ्या आईला सुई मिळाली.

पहिला मुद्दा माझ्याकडून संपला. दुसरा तुझ्याकडे आहे. नाही म्हणालीस तरी मला चालेल, असं लिहिणार होतो. पण ही फाइल खरं लिहायची आहे. मला चालणार नाही.

तुझा,
लॉर्न

हॅमिल्टन, १६ एप्रिल

प्रिय लॉर्न,

पहिला मुद्दा: मान्य. पूर्ण मान्य, सही केली, ओडेलबाईंनी शिक्का मारला. वयाची युक्ती मला सुचायला हवी होती, आणि मला सुचली नाही याचा राग मी दोन दिवस काढला. तिसऱ्या दिवशी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, हा तोच ना, चार चमचे साखरवाला? इतकी वर्षं ती तुला विसरली नाही, आणि मी तिच्यासमोर तुझं नाव पाच वेळाही काढलं नसेल.

दुसरा मुद्दा. मी चार वेळा उत्तर लिहिलं. पहिल्यात कारणं होती, दुसऱ्यात अटी, तिसऱ्यात एक तक्ता, त्यात तू आणि मी आणि दोन शहरं. चौथं वाचून मला स्वतःची लाज वाटली. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की पद्धत आधी ठरवा, मग बघा. तुझ्या बाबतीत अकरा वर्षं नुसती पद्धतच ठरवत बसले. बघितलं काहीच नाही.

मला भीती वाटते. स्टेशनावर वाटली होती तेवढीच वाटते. पण फोनला बंदी आहे, मेलला बंदी आहे, आणि भेटायला बंदी आहे असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. शनिवारी, २५ तारखेला, दुपारच्या विमानाने येतेय. दार मागचं नको, पुढचं उघड.

ग्वेन

विनिपेग, २७ एप्रिल

आदरणीय रस्कोबाई,

हे पत्र जलद टपालाने टाकतोय, म्हणजे शुक्रवारच्या आत पोचेल.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळालं. कागदावर मिळालं नाही, म्हणून मीच नोंदवतो. शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी श्रीमती टार्बेट माझ्या दारात आल्या. बर्फ वितळून अंगणात चिखल झालाय, त्यांचे बूट घोट्यापर्यंत भरले होते. मी म्हटलं, आत ये. ती म्हणाली, आधी ऐक, नाहीतर पुन्हा अकरा वर्षं जातील. आणि चिखलातच उभं राहून हो म्हणाली. मी पुन्हा विचारलं, कारण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये असं मी मुलांना शिकवतो. ती पुन्हा हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारायला लागलो तेव्हा कोवालचुकबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, पुरे आता, तिला आत घे. त्या साक्षीदार आहेत, खाली त्यांची सही आहे. रविवारभर त्यांनी गल्लीत बातमी पसरवली, आणि आमच्या लग्नाच्या खर्चासाठी इथल्या रिवाजाप्रमाणे सोशल, म्हणजे तिकीट लावून नाचगाण्याची पार्टी, ठरवून हॉलही बघून ठेवला. तिकिटं त्याच विकणार आहेत. सातही चमूंना आणि ओडेलबाईंना आमंत्रण आहे.

तेव्हा कलम चार पुरं झालं. शुक्रवारी कुलूप उघडायला आमची हरकत नाही.

एक विनंती आहे, आणि ती आम्हा दोघांची आहे. ग्वेन पुढच्या रविवारपर्यंत इथेच आहे. या आकड्यांसाठी आम्ही चार महिने झोप घालवली. आत्ता ती समोर बसून माझ्या साखरेच्या डब्यावर तिसऱ्यांदा झाकण लावतेय आणि मी तिसऱ्यांदा उघडतोय. शुक्रवारी आकडे उघडतील तेव्हा आम्हाला लगेच कळवू नका. सोमवारी कळवलंत तरी चालेल.

आपला,
लॉर्न इसफेल्ड

वाचून पाहिलं, सगळं खरं आहे.
ग्वेन टार्बेट

साक्षीदार:
ओलेना कोवालचुक